पालथा ग्लास

मंगळवार, ३ डिसेंबर

काम मिळालं! विंडलास हॉटेल, टालबूर. सकाळी सहा ते दुपारी दोन, सोमवारी सुट्टी. आईला फोन करून सांगितलं, हॉटेलात नोकरी लागली. हे खोटं नाही. इकडे दारूच्या गुत्त्यालाही हॉटेलच म्हणतात आणि दारावरच्या पाटीवर तसं ढळढळीत लिहिलेलं आहे. आईनं विचारलं, जेवण चांगलं असतं का तिथलं. म्हटलं, अगं, लोक एकदा बसले की हलत नाहीत.

विद्यापीठ आता थेट फेब्रुवारीत उघडणार. सुट्टीत आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना तासांचं बंधन नाही, त्यामुळे रोज काम करता येईल. पर्थला दीड वर्ष पेट्रोलपंपावर रात्रपाळ्या केल्या, त्यापुढे हे म्हणजे माहेरपण. पहाटे सहाला खाणीची रात्रपाळी सुटते आणि माणसं सरळ इथे येतात. त्यांची ती संध्याकाळ. चंद्रपूरला बाबा रात्रपाळीहून आले की चहा आणि पोहे घ्यायचे, इथे बिअर आणि मटणाची पाय, म्हणजे इकडची भाजलेली कचोरीच. बाकी चेहऱ्यावरची धूळ तीच.

मालकीण नोरीन साठीची आहे. आवाज भोंग्यासारखा, पण मनानं मऊ. तिनं सगळं फिरवून दाखवलं. काउंटर, बिअरच्या पिंपांची थंडगार खोली, मागचं आवार, त्याभोवती पत्र्याचं कुंपण. काउंटरच्या मागच्या भिंतीवर ओळीनं चार जस्ती मग टांगलेले आहेत. आल्फ, डेस, आन्ते आणि टायनी अशी नावं कोरलेली. ही इथली जुनी गिऱ्हाइकं, चौघंही वारलेली. या मगांना हात लावायचा नाही, धूळसुद्धा मी स्वतः पुसते, असं ती म्हणाली. बाकी सगळं घर तुझंच समज म्हणाली.

गुरुवार, ५ डिसेंबर

बिअर ओतायला शिकलो. ग्लास तिरका धरायचा, शेवटी सरळ करायचा, वर फेस बोटभर. पहिल्या दिवशी माझ्या हातून फेस चार बोटं आणि बिअर एक बोट अशी निघाली, तेव्हा केल म्हणाला की पोरा, मी दाढी करायला नाही आलो. हा केल तीन-तीन डबे जोडलेला ट्रक चालवतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची टिंगल करतो. माझं नाव निनाद आसुटकर आहे म्हटल्यावर म्हणाला, एवढा वेळ कुणाकडे आहे बाबा, तू निनो. झालं, सगळ्या गावाचा मी निनो.

शिकवलं मात्र मर्वनं. वय चौऱ्याहत्तर, काउंटरच्या टोकाचं स्टूल त्याचं. तरुणपणी जत्रेतल्या तंबूत मुष्टियुद्ध खेळायचा. कुणीही गावकऱ्यानं पुढे यावं आणि याच्यासमोर तीन फेऱ्या टिकून दाखवावं, असा तो खेळ. मग तीस वर्षं खाणीत गेली. छातीत धूळ बसली आहे, वाक्य संपेपर्यंत दोनदा श्वास घ्यावा लागतो. बायको नाही, पोर नाही. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं मर्व म्हणायला जीभ वळत नाही. मनातल्या मनात मी मर्वकाका म्हणतो.

त्याची एक इच्छा आहे, भिंतीवर पाचवा खिळा त्याचा असावा. अट अशी की चाळीस वर्षं इथे प्यायलेलं असावं आणि मेलेलं असावं. केल म्हणाला, पहिली अट यानं केव्हाच पुरी केली, दुसरीला मात्र टाळाटाळ चालली आहे. सगळ्यात मोठ्यानं मर्वच हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

रविवार, ८ डिसेंबर

रविवारी दोनला गुत्ता बंद होतो तो थेट मंगळवारी पहाटे उघडतो. सगळे गेल्यावर नोरीननं मला एक ग्लास बिअर घेऊ दिली. काम संपल्यावर एक ग्लास नोकराचा, ही इथली रीत. ती पुढे निघून गेली, मी कुलूप लावणार होतो.

शांत बसून प्यायलो. ग्लास धुतला, काउंटर पुसून लख्ख केला आणि घरी आलो. आई बघती तर म्हणाली असती, लेक हाताखाली आला. उद्या सुट्टी. बिप्लवनं, म्हणजे माझ्या खोलीतल्या नेपाळी भावानं, डाळभात आणि मुळ्याचं लोणचं करायचं कबूल केलं आहे. आम्ही दोघं एकाच भांड्यात रांधतो आणि पाळीपाळीनं घासतो. घासण्यात तो चोर आहे.

मंगळवार, १० डिसेंबर

आज मोठी फजिती झाली.

पहाटे नोरीननं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. काउंटरच्या मधोमध माझा ग्लास होता. रविवारी धुऊन निथळायला पालथा घातला होता तो. आपल्याकडे धुतलेलं भांडं पालथंच घालतात, त्यात विचार कसला करायचा. नोरीननं विचारलं, हा कुणी ठेवला. म्हटलं, मी. तेवढ्यात मागून केल आला आणि ग्लास बघून पोट धरधरून हसायला लागला. अरे निनो, तुझं वजन किती, पंचावन्न किलो का, असं विचारू लागला.

मग कळलं. इकडच्या जुन्या गुत्त्यांत आपला रिकामा ग्लास काउंटरवर पालथा घालणं म्हणजे आव्हान. या घरात जो कुणी असेल त्यानं पुढे यावं, मी एकेकाला पुरून उरेन, असा त्याचा अर्थ. हल्ली कुणी मानत नाही, पण करतही नाही. मी कपाळावर हात मारला. सगळे हसत होते, फक्त मर्व हसत नव्हता. त्यानं विचारलं, कधीपासून आहे हा पालथा. रविवार दुपारपासून, म्हटलं. म्हणजे दोन रात्री? दोन रात्री. त्यानंतर हसणं थोडं कमी झालं.

मर्वनं मला ग्लास सरळ करायला लावला आणि घरातल्या सगळ्यांना माझ्या हातानं एकेक बिअर द्यायला लावली. आव्हान मागे घ्यायची ही रीत, पण ती त्याच दिवशी, गुत्ता बंद व्हायच्या आत करायची असते. मी सगळ्यांना दिली, सगळ्यांनी माझ्या नावानं प्यायली. फक्त मर्वनं घेतली नाही. तो भिंतीकडे बघत होता. नोरीन त्याच्यावर डाफरली की पोराला उगाच घाबरवू नकोस.

बुधवार, ११ डिसेंबर

पिंप बदलायला थंड खोलीत गेलो होतो. वाकलो आणि डाव्या बरगडीत काहीतरी बसलं. पाय घसरून पिंपावर आपटलो असेन असं आधी वाटलं. पण मी आपटून पडलो नाही, मार लागला म्हणून पडलो, आणि ते दोन वेगळं असतं. खोलीत मी एकटा होतो. उठून उभा राहिलो, पिंप बदललं, बाहेर आलो.

काउंटरवर माझा ग्लास पालथा होता. काल मी तो इतरांबरोबर फळीवर ठेवला होता. काठाला छोटा टवका उडालेला आहे, त्यामुळे ओळखू येतो. आणि भिंतीवरचा पहिला मग, आल्फचा, भिंतीकडे तोंड करून फिरलेला. नोरीनला विचारलं तर म्हणाली, मी शिवले नाही. केलला म्हटलं, पुरे झाली मस्करी. त्यानं आईची शपथ घेतली. केल शपथ घेतो तेव्हा टिंगल करत नाही, एवढं आता मला कळतं.

बरगडीवर चार काळेनिळे ठिपके उमटले आहेत. बिप्लवनं हळद लावली.

शुक्रवार, १३ डिसेंबर

मर्वनं आज मला शेजारी बसवून सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

ज्याचा मग भिंतीवर, तो घरात. घरातल्या प्रत्येकाला तू बोलावलंस, दोन रात्री बोलावत राहिलास. जिवंत माणसं उशिरा दिलेली बिअरही चालवून घेतात, ती सुटली. मेलेल्यांना उशीर चालत नाही, या चौघांना आता पाजूनही उपयोग नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका सर्वेयरनं असाच ग्लास घातला होता. तेव्हा भिंतीवर एकटा आल्फ होता, म्हणून त्याचं एकावर भागलं. ज्या दिवशी ग्लास पालथा दिसेल त्या दिवशी गाठ. जिंकायची गरज नाही. पडलास तर उठायचं. आपल्या पायांवर उभा राहिलास की त्या माणसापुरतं संपलं आणि त्याचा मग फिरतो. आल्फ संपला. तो न्हावी होता, हात हलका. आता डेस. डेस डावखुरा आहे.

आणि नाही उठलो तर, असं मी विचारलं. मर्वनं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि आपल्या पुढ्यातला काउंटर पुसला.

मी हसलो. म्हटलं, मर्व, मी इंजिनिअर होणारा माणूस आहे. तो म्हणाला, हो रे, पण डेसला ते कुठे माहीत आहे.

दुपारी निघताना बघितलं, केल आणि आणखी दोघं मागच्या दाराजवळची स्टुलं उचलून भिंतीला लावत होते. कशाला म्हणून विचारलं तर केलनं माझ्याकडे न बघता सांगितलं की थोडी जागा असलेली बरी.

रविवार, १५ डिसेंबर

सकाळी ग्लास पालथा होता.

नऊ वाजता रिकाम्या बाटल्यांचं खोकं घेऊन मागच्या आवारात गेलो. न जाऊन चालणार नव्हतं, खोकं भरलं होतं. लख्ख ऊन, पत्रा तापलेला, आवार मोकळं. जमिनीवर माझी सावली होती. समोर आणखी एक होती. सावली होती, सावलीचा माणूस नव्हता.

डावा हात आला. मर्वनं सांगितलं होतं म्हणून मान वळवली, नाहीतर जबडा गेला असता. दुसरा कानावर, तिसरा पोटात. मी वेड्यासारखे हात फिरवले. एकदा माझी मूठ कशावर तरी लागली. ते गार होतं. एवढ्या उन्हात गार. मग खाली गेलो, तोंडात माती गेली, आणि आतून मर्वचा आवाज आला की ऊठ, ऊठ पोरा. मी उठलो.

आत आलो तर सगळे उभे होते. दारातून बघत होते. कुणी मदतीला आलं नव्हतं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खांद्यावर थापा मारल्या. केलनं मला बिअर ओतून दिली आणि म्हणाला, छान उभा राहिलास, आसुटकर. निनो नाही म्हणाला. पूर्ण आणि स्वच्छ उच्चारलं त्यानं. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

डेसचा मग फिरला आहे. खालचे दोन दात हलताहेत.

सोमवार, १६ डिसेंबर

सुट्टी. मर्व बसनं आमच्या घरी आला, हातात जुने चामडी मोजे. परसात दोन तास शिकवलं. पाय कुठे, हनुवटी कुठे, श्वास कधी सोडायचा. प्रत्येक चार वाक्यांनी खुर्चीत बसायचा, धाप ओसरली की पुन्हा उठायचा. म्हणाला, दमलास की तुझा डावा हात खाली येतो, आणि मारायच्या आधी तू डोळे मिटतोस. मी सांगितलं, मला जन्मात कुणी मारलं नाही आणि मी कुणाला मारलं नाही. तो म्हणाला, ते दिसतंच आहे.

बिप्लवला वाटलं नवीन छंद आहे. त्यानं मर्वला डाळभात वाढला. मर्वनं दोनदा मागून घेतला आणि सांगितलं की बावीस वर्षांत कुणाच्या घरी जेवलो नव्हतो. जाताना माझं डोकं थोपटलं. बाबांनी विमानतळावर थोपटलं होतं तसंच. मला रडू आलं.

बुधवार, १८ डिसेंबर

आन्ते. हा खाणीत फळ्या ठोकायचा. घाई नाही त्याला. एक ठोसा, मग थांबतो, मग नेमका तिथेच दुसरा. आल्फनं मारली होती तीच बरगडी त्यानं शोधून काढली.

तीनदा पडलो. तिसऱ्यांदा वाटलं, पडून राहावं. माती गरम होती, बरं वाटत होतं. मर्व दारातून ओरडत होता, ओरडता ओरडता खोकत होता. त्याच्यासाठी उठलो.

दवाखान्यात सांगितलं, जिन्यावरून पडलो. बरगडीला तडा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुठींकडे बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

एकच उरला. टायनी म्हणजे चिमुकला. इकडे लाल केसांच्या माणसाला निळू म्हणतात आणि डोंगराएवढ्याला चिमुकला. सात फुटांना दोन बोटं कमी होता, असं केल सांगतो. जिवंत असताना याच आवारात एका माणसाला त्यानं एका ठोशात झोपवलं, तो माणूस पुढे कधी बोलला नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर

मी पळालो. लिहितो स्वच्छ. पहाटे कामावर न जाता पर्थच्या गाडीत बसलो. बिप्लवला चिठ्ठी ठेवली. नोकऱ्या छप्पन मिळतील, बरगड्या मिळणार नाहीत.

दोन स्थानकं गेली आणि फोन वाजला. बिप्लवचाच नंबर, पण बोलत होती शेजारीण. बिप्लवला बोलता येत नव्हतं.

तो ओट्याशी तांदूळ धूत होता. दार बंद, खिडकी बंद. समोरून एकच फटका. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे.

उतरलो. परतीची गाडी चार तासांनी होती. फलाटावर उभा राहिलो. सावलीत जायची हिंमत झाली नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

दवाखान्यात बिप्लव झोपला आहे. तारांनी तोंड बांधलंय. उठला की पाटीवर लिहितो, दाइ, कोण होतं? दाइ म्हणजे दादा. मी काय लिहू?

मर्व आला होता. पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ही चूक माझी. सर्वेयरसुद्धा पळाला होता, तेव्हा त्याच्या भावाला लागलं. हे मी तुला सांगायला हवं होतं. वाटलं, तू पळणाऱ्यातला नाहीस, उगाच ओझं कशाला द्यायचं.

पुढे म्हणाला, जो तुझ्या भांड्यात जेवतो तो तुझ्या बाजूचा. तू आला नाहीस की ते त्याच्याकडे जातात. हा फक्त निरोप होता. पुढच्या वेळी निरोप नसेल.

म्हणजे माझ्याऐवजी बिप्लव. सरळ हिशोब आहे. मी जाणार.

मर्वला सांगितलं. त्यानं माझी बांधलेली बरगडी बोटांनी चाचपली. मग विचारलं, जेवलास का. बस्स.

मंगळवार, २४ डिसेंबर



पावणेसहाला पोचलो. दिवे लागलेले. काउंटरवर ग्लास पालथा होता, पण माझा नाही. माझा सरळ करून बाजूला ठेवला होता आणि त्याच्या जागी मर्वचा. नोरीन दारात ओठ चावत उभी. तिनं सांगितलं की त्यानं पाचलाच येऊन किल्ली मागितली. पोराच्या भांड्यात मीही जेवलोय, त्याच्या वतीनं मी, म्हणाला. चार वेळा नाही म्हटलं तिनं.

धावलो.

सदरा घडी करून कुंपणावर ठेवलेला. मर्व कुंपणाला पाठ लावून उभा. हात दोन्ही वर. नाकातून रक्त, एक डोळा बंद, आणि हसत होता. आत भिंतीवर टायनीचा मग फिरल्याचा आवाज मी आवारातून ऐकला. मर्वनं पण ऐकला. म्हणाला, उभा आहे ना रे मी? म्हटलं, हो, हो, उभे आहात मर्वकाका.

काका म्हणजे काय ते त्याला कळलं नाही. विचारायच्या बेतात होता. मग माझ्या अंगावर आला, सगळं वजन, आणि संपलं.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. या वयात होतं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

आज मर्वकाकांना पुरलं. सगळं गाव आलं होतं. मग सगळे इथे.

माझा ग्लास तीन दिवस फळीवर सरळ आहे. चारही मग भिंतीकडे तोंड करून. संपलं सगळं. बिप्लव सोमवारी घरी येईल.

चारच्या सुमाराला नोरीननं हातोडी आणि खिळा आणला, कोरलेला नवा मग आणला. मर्व, एवढंच नाव. म्हणाली, त्याचं कुणी नाही, तूच लाव. सगळे टोप्या काढून उभे राहिले. मी खिळा ठोकला आणि मग टांगला. चाळीस वर्षं बघितलेली जागा मिळाली त्यांना. मी ढसाढसा रडलो, केलही रडला. सगळ्यांनी त्यांच्या नावानं प्यायली. आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

शनिवार, २८ डिसेंबर

ग्लास पालथा आहे.

माझा. टवक्याचा. मधोमध.

कुणी केलं म्हणून ओरडलो. कुणीच नाही. सरळ केला. पिंप बदलून आलो — पुन्हा पालथा.

केल आला. ग्लास बघितला. मग भिंत. एक, दोन, तीन, चार — पाचव्यावर बोट थांबलं. पांढराफटक पडला. न पिताच निघून गेला.

ज्याचा मग भिंतीवर, तो घरात.

मी लावला. माझ्या हातानं. आमच्यापैकी एकालाही — अरे, एवढी माणसं होती, एकालाही सुचलं नाही —

तो मग काढायला गेलो. निघत नाही. नोरीननं खिळ्याला पक्कड लावली, पक्कड वाकली. ती खाली बसून रडते आहे. म्हणते, तो तुला नाही मारणार रे, तुझ्यावर जीव होता त्याचा.

जीव होता म्हणूनच तर उभा राहिला. पण डेसला माझं काय वाकडं करायचं होतं? आन्तेला? त्यांना यावं लागतं. बोलावलं की यावं लागतं.

दिवसभर वाट बघितली. कुणी आलं नाही. मर्वकाका शनिवारी येतच नसत. रविवारी यायचे.

रविवार, २९ डिसेंबर

सकाळचे साडेसात. रात्रपाळी सुटली, पण कुणी आत आलं नाही. रस्त्यापलीकडे उभे आहेत. नोरीनला मीच बाहेर पाठवलं.

बिप्लव उद्या येणार. म्हणून मी इथे आहे. दुसरं काही कारण नाही. बिप्लव, हे वाचलंस तर माझ्या आईला — नाही. ते मीच सांगेन.

सात चाळीस. टोकाचं स्टूल करकरलं.

बिअर ओतली. तिरका ग्लास, शेवटी सरळ. फेस बोटभर. त्यांच्यापुढे ठेवली. 

उतरते आहे. फेस आधी. ते कधीच घाई करत नाहीत. पिऊन झाल्यावरच उठतात. तोवर मी लिहितो.

श्वास ऐकू येतो. दोनदा थांबून, जसा असायचा तसाच. ओळखीचा आहे म्हणून जास्त —

विचारलं, मर्वकाका, न लढता नाही का चालणार? पिणं थांबलं. बराच वेळ. वाटलं —

पुन्हा सुरू झालं.

अर्धा.

त्यांना सगळं माहीत आहे. मी कुठे उघडा पडतो, कुठल्या बरगडीला तडा आहे, कधी डोळे मिटतो. दुसऱ्या कुणाला नव्हतं. रडतही असतील. मला दिसत नाही.

दोन बोटं उरली. मी उठेन. कितीही वेळा पडलो तरी — बिप्लवचा जबडा आठवायचा आणि उठायचं. आज आतून कुणी ऊठ म्हणणार नाही.

बोटभर.

खिडकीतून केल दिसतोय. त्यानं टोपी काढली. अरे, आताच कशाला काढ—

संपली. ग्लास खाली ठेवला, आवाज न करता. स्टूल मागे सरकलं. मागचं दार उघडलं आहे आणि ते धरून ठेवलंय, मी पुढे जावं म्हणून. मी